सावकाश या, कुत्रा वाळतोय

मित्रांनो, मी एक जुना टेबलपंखा आहे, हे तुम्हाला माझ्या मानेकडे पाहूनच कळलं असेल. तिला डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे जायची खोड आहे. मान एका जागी धरून ठेवणारी खुंटी माझ्या डोक्यामागे होती, ती केव्हाच पडून हरवली. त्यामुळे कोणी माझ्यासमोर बसून काही सांगू लागलं, की मी प्रत्येक गोष्टीला 'नाही, नाही' म्हणतो आहे असं वाटतं. तसं काही नाही. मनातून मी फार होकारी आहे.

माझा मूळ रंग फिकट हिरवा. आता त्यावर लाल, निळे आणि पिवळे ठिपके इतके आहेत, की हिरवा शोधावा लागतो. मला वेगाची तीन बटणं आहेत. पहिलं आत रुतून बसलं आहे आणि तिसरं दाबलं तर मी टेबलाच्या कडेकडे चालू लागतो. म्हणून मी दुसऱ्यावरच आयुष्य काढलं आणि त्यात माझं काही बिघडलं नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथे एका बाईंनी माझ्या जाळीचे स्क्रू पिळले, मला चालू केलं आणि समोर कागदाची पट्टी धरली. पट्टी फडफडली तसा त्यांनी माझ्या बुडाला शिक्का मारला. एवढंच माझं बालपण. तिथून मी दुकानात आलो आणि माझ्यासारख्याच बारा पंख्यांच्या रांगेत उभा राहिलो.

एक दिवस नखांत रंग भरलेला एक किडकिडीत माणूस दुकानात शिरला. दुकानदार म्हणाला, "साहेब, हा घ्या. असा वारा देतो, की बसल्या बसल्या झोप लागेल."

"मला झोप नकोय हो," तो माणूस म्हणाला. "माझ्या पाट्या वाळल्या पाहिजेत."

तो पाट्या रंगवणारा पेंटर होता. सगळे त्याला पेंटरच म्हणत, म्हणून मीही तसंच म्हणेन. पण माझ्या मनात त्यांच्याबद्दल आदर आहे, तेव्हा इथून पुढे 'अहो-जाहो' करतो.

पेंटरची शिस्त कडक होती. पाटीवर आधी प्रायमरचा हात, मग मागचा रंग, मग अक्षरं. एक हात पुरता वाळल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही. मला पाटीपासून तीन हात लांब ठेवायचं. त्याहून जवळ आणलं तर दुधावर धरावी तशी रंगावर साय धरते आणि खालचा रंग ओलाच राहतो. रंग वाळला का, हे ते डोळ्यांना कधी विचारत नसत. पालथं बोट हलकेच टेकवत, क्षणभर थांबत आणि मगच मान हलवत. माझी पाती रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसली जात, कारण ओल्या रंगावर धुळीचा एक कण बसला तरी पेंटरचा दिवस नासायचा.

सुरुवातीला त्यांच्याकडे दुकान नव्हतं. पाट्या घरातच, स्वयंपाकघरात वाळायच्या. पेंटर काम शोधायला बाहेर पडले की त्यांची बायको भाजी चिरता चिरता उठायची, पालथं बोट लावून बघायची आणि मला वीतभर इकडे सरकवायची. आपल्याच घरात तिला अंग चोरून चालावं लागे. एकदा तिच्या नव्याकोऱ्या साडीवर 'दूध मिळेल' मधला 'दू' उलटा उमटला. ती काही बोलली नाही, पण ती साडी तिने पुढे पाट्या पुसायलाच वापरली. मी तेव्हाच ओळखलं, की ही बाई फार बोलत नाही पण विसरतही नाही.

पुढे दुकान झालं आणि आमचे चांगले दिवस आले. डॉक्टरांच्या पाट्या, वाण्यांच्या पाट्या, 'येथे गाड्या लावू नयेत', 'जिन्यात थुंकू नये'. सगळ्यात जास्त पाट्या आम्ही कुठल्या केल्या असतील? 'कुत्र्यापासून सावध राहा.' शेकड्यांनी केल्या. गंमत अशी, की पेंटर स्वतः कुत्र्यांना विलक्षण घाबरायचे. पाटी पोचवायला गेले, की फाटकाबाहेरूनच हाक मारायचे आणि पाटी कुंपणावरून आत द्यायचे. कुत्रा भुंकला तर तिथेच पाचावर धारण बसायची. अक्षर मात्र असं ठळक काढायचे, की वाचणाऱ्याला त्यांची भीती कळावी.

मग छापील पाट्या आल्या. सकाळी सांगा, दुपारी न्या. त्यांना वाळावं लागत नाही. गिऱ्हाईकं एक-एक करून कमी झाली आणि एक दिवस पेंटरनी दुकानाला कुलूप लावलं. ब्रश रॉकेलमध्ये धुऊन कागदात गुंडाळले. मला जुन्या चादरीत बांधून घरी आणलं आणि कपाटावर ठेवून दिलं. त्या गडबडीत मला पुसायचं राहिलं. पेंटरच्या हातून अशी चूक पहिल्यांदाच झाली आणि ती पुढे आम्हा दोघांनाही भोवली.

कपाटावर मी चार वर्षं होतो. चादरीला एक भोक होतं, त्यातून घर दिसायचं. पेंटर बाल्कनीतल्या खुर्चीत बसून समोरच्या दुकानांच्या पाट्या वाचत आणि चुका काढत. कधी भांडी लावायला जात आणि चुकीच्या जागी लावत. "अहो, तुम्ही बसा बघू," बायको म्हणायची. मग ते पुन्हा बसत. मित्रांनो, मला अडगळीत टाकल्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही. त्यांना तसं बसलेलं बघून मात्र वाटायचं.

मग पेंटरच्या मुलाचं लग्न झालं आणि सून आली. सून परिचारिका आहे. मुलगा मोठा ट्रक चालवतो, महिन्यातले वीस दिवस रस्त्यावर असतो. सुनेबरोबर दोन बॅगा आल्या, एक कुंडी आली आणि झिपऱ्या आला.

झिपऱ्या म्हणजे तपकिरी, झुबकेदार केसांचा, आठ वर्षांचा कुत्रा. केस इतके, की चेहरा कुठल्या बाजूला आहे हे तो भुंकल्यावर कळायचं. तो सुनेच्या वडिलांचा लाडका. वडील गेले आणि जाताना त्याला तिच्या हवाली करून गेले. तिचा भाऊ एकटा राहतो, घर दिवसभर बंद. तिथे ठेवलं तर झिपऱ्याला सकाळपासून संध्याकाळपर्यंत साखळीला बांधावं लागणार. म्हणून तिने लग्नाआधीच विचारलं होतं आणि या घराने 'आण' म्हटलं होतं. पेंटरनीही म्हटलं होतं, पण तेव्हा त्यांना वाटलं होतं की कुत्रा लहान असेल.

दर रविवारी झिपऱ्याला आंघोळ असायची. सून त्याला टॉवेलने खसखसून पुसायची. केस वाळवायचं छोटं यंत्र तिने एकदाच काढलं. त्याचा किंचाळणारा आवाज ऐकून झिपऱ्या पलंगाखाली गेला तो जेवायलाच बाहेर आला. त्यामुळे टॉवेलवरच भागायचं. तासाभरात तो वरून कोरडा दिसायचा आणि मग सासूबाईंच्या आवडत्या कोचावर जाऊन पसरायचा. कोचाला वास येऊ लागला. पुढे त्याच्या मानेवर आणि पाठीवर लाल चट्टे उठले. तो रात्रंदिवस खाजवू लागला आणि कोचाभर केस.

जनावरांच्या डॉक्टरांनी मलम दिलं आणि सांगितलं, "याच्या केसांचे दोन थर आहेत. वरचा वाळतो, आतल्या थरात ओल राहते. मुळापर्यंत कोरडा करा, नाहीतर मलमाचा काही उपयोग नाही."

त्या दिवशी सासूबाईंनी कोचाची खोळ तिसऱ्यांदा धुवायला काढली आणि सुनेला समोर बसवलं. "हे बघ, मला त्याचा राग नाही. पण माझं अर्धं आयुष्य घरातल्या ओल्या वस्तू सांभाळण्यात गेलं. आता जमत नाही मला. महिनाभर बघते. तो बरा झाला तर ठीक, नाहीतर त्याला तुझ्या भावाकडे ठेव."

"बरं, आई," सून म्हणाली. मग ती बाल्कनीत गेली आणि कोरड्याच असलेल्या कुंडीला पाणी घालायच्या ऐवजी नुसता तांब्या धरून उभी राहिली. झिपऱ्या तिच्या पायावर बसला होता. त्याला महिना म्हणजे काय ते कुठे ठाऊक होतं! पेंटर खुर्चीतून हे सगळं बघत होते. मीही भोकातून बघत होतो.

पहिला रविवार आला. सून झिपऱ्याला पुसत असतानाच दवाखान्यातून फोन आला, की ताबडतोब या. तिने घाईघाईने टॉवेल वाळत टाकला. "बाबा, वरून कोरडा झालाय तो. फक्त खाली सोडू नका," म्हणाली आणि गेली.

पेंटर झिपऱ्याकडे बघत बसले. झिपऱ्या त्यांच्याकडे बघत बसला.

"वरून कोरडा," पेंटर स्वतःशीच पुटपुटले. मग जरा मोठ्याने, "वरून कोरडा? वरून कोरडा म्हणजे काय? हे काय बोलणं झालं?"

मित्रांनो, तीस वर्षं ज्या माणसाने ही दोन शब्दांची सबब कुणाची ऐकून घेतली नाही, त्याला ती स्वतःच्या घरात ऐकावी लागली होती. ते उठले. भीती होतीच. तरी त्यांनी केसांत पालथं बोट घातलं, पार कातडीपर्यंत, आणि क्षणभर थांबले. मग त्यांच्या कपाळावर अशी आठी पडली, जी मी चार वर्षांत पाहिली नव्हती.

"ओला आहे! चिंब ओला आहे आतून!"

स्टूल आलं, चादर सुटली आणि मी खाली उतरलो. सासूबाई स्वयंपाकघरातून डोकावल्या. "अहो, हे काय? आता काय कुत्रा रंगवणार?"

"वाळवणार," पेंटर म्हणाले.

वायर भिंतीकडून नेली, मला पाण्यापासून लांब, सुक्या स्टुलावर ठेवलं. झिपऱ्यापासून मोजून तीन हात. बटण दाबलं. मी चार वर्षांनी फिरलो आणि मला इतका आनंद झाला, की काय सांगू! पण त्याच क्षणी माझ्या पात्यांवरची चार वर्षांची धूळ उडाली आणि ओल्या झिपऱ्यावर जाऊन बसली. तपकिरी कुत्रा बघता बघता राखाडी झाला. सासूबाई तोंडावर हात धरून आत पळाल्या. त्यांचं हसू दाराआडून ऐकू येत होतं. शरमेने माझी मान 'नाही, नाही' करत राहिली.

पेंटरनी मला खोलून स्वच्छ पुसलं, सांध्यांत तेलाचे दोन थेंब सोडले आणि मग, ज्या माणसाने त्या दिवसापर्यंत कधी कुत्र्याला हात लावला नव्हता, त्याने बाह्या सरसावून एकट्याने कुत्र्याला आंघोळ घातली.

दुसऱ्या खेपेला वेगळीच अडचण. झिपऱ्याला माझा वारा फार आवडला. माझा आवाज बसका, घुर्र घुर्र असा, म्हाताऱ्याने गुणगुणावं तसा. त्याला त्याची भीती वाटेना. पण माझी मान डावीकडे गेली की तोही डावीकडे जायचा आणि उजवीकडे आली की उजवीकडे. वारा निसटू नये म्हणून तोंड वर करून नुसत्या येरझाऱ्या. त्याचं नाक तेवढं वाळलं. शेवटी पेंटरनी सुतळी आणून माझी मान खिडकीच्या गजाला बांधली. खुंटी हरवल्यापासून पहिल्यांदाच मी फिरताना एका जागी बघत राहिलो आणि झिपऱ्या माझ्यासमोर उभा राहिला.

"हलू नकोस," पेंटर त्याला सांगत होते. "हललास तर अक्षर बिघडेल."

शेपटीकडून सुरुवात, केस उलटे करत मानेपर्यंत. दर वितीला पालथं बोट. दीड तास लागला. सून परत आली तेव्हा तिचा कुत्रा दुप्पट फुगलेला होता आणि सासरे त्याच्याशेजारी फरशीवर बसले होते. तिने बोट घालून बघितलं, पुन्हा बघितलं आणि म्हणाली, "बाबा, हे कसं केलंत?"

"धंदा आहे आमचा," पेंटर म्हणाले. 'आमचा' म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं, मित्रांनो. खरंच बघितलं.

दुसऱ्या रविवारीही असंच झालं. मानेचे आणि पाठीचे चट्टे सुकू लागले. सगळे खूश होते. आणि तिसऱ्या रविवारच्या आधी झिपऱ्या कोचावर उताणा झोपला असताना सासूबाईंना त्याच्या पोटावर नवा चट्टा दिसला. मोठा, लालभडक.

"हे काय?" त्यांनी विचारलं. सुनेचा चेहरा उतरला. तिने आत जाऊन झिपऱ्याची पिशवी काढली, त्यात त्याची वाटी ठेवली, मग पुन्हा बाहेर काढली. भावाला विचारून ठेवावं का, असं तिने हळूच पेंटरना विचारलंही.

पेंटर त्या दुपारी जेवले नाहीत. इतकी काळजी घेतली, मग चुकलं कुठे? ते माझ्यासमोर बसून राहिले. मग एकदम उठले आणि दारामागे ठेवलेली एक जुनी पाटी काढली. पुढून बघितली. उलटी करून मागून बघितली. मागून ती नुसता पत्रा होती, कोणी तिला कधी हात लावला नव्हता.

"अगं ए," त्यांनी बायकोला हाक मारली. "मी तीस वर्षं एकाच बाजूने वाळवत आलो गं. पाटीला पोट नसतं!"

खरंच की! त्यांनी झिपऱ्याची पाठ वाळवली होती, बाजू वाळवल्या होत्या, मान वाळवली होती. पोटाखाली, बगलेत आणि कानांच्या मागे त्यांना जावंसंच वाटलं नव्हतं. पाटीच्या मागच्या बाजूकडे कोण जातं? आणि मीही तसाच, नाकासमोर वारा सोडणारा. आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

तिसऱ्या रविवारी माझं स्टूल गेलं आणि मी एका पाटावर, जमिनीलगत आलो. झिपऱ्या पेंटरच्या मांडीवर डोकं ठेवून उताणा पडला, चारी पाय वर. पेंटरचा चेहरा त्याच्या दातांपासून वीतभर अंतरावर होता, पण त्यांना ते आठवतही नव्हतं. एक पाय उचल, बगल वाळव, बोट लाव. दुसरा पाय. झिपऱ्या घोरायला लागला. सून दारात उभी राहून बघत होती. ती आत आली नाही, कारण तिला डोळे पुसायचे होते.

चौथा रविवार म्हणजे महिन्याचा शेवट. कोणी तसं म्हटलं नाही, पण सगळ्यांना माहीत होतं. पोटावरचा चट्टा फिकट झाला होता, पण पुरता गेला नव्हता. आंघोळ झाली, मी दोन तास चाललो. पेंटरनी शेवटचं बोट लावलं आणि म्हणाले, "झालं." सुनेने माझं बटण बंद केलं. मग दोघंही सासूबाईंकडे बघू लागले. झिपऱ्यासुद्धा बघू लागला.

सासूबाईंनी हातातली सुरी बाजूला ठेवली, हात पुसले आणि गुडघ्यांवर जोर देत खाली बसल्या. त्यांनी झिपऱ्याचा डावा कान उचलला आणि त्याच्या मागे पालथं बोट टेकवलं. थांबल्या. स्वयंपाकघरातल्या पाट्यांजवळ थांबायच्या अगदी तशाच. इतक्या वर्षांत त्या बोटाचा सराव गेला नव्हता.

"कानामागे ओला आहे," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "तुम्हाला शेवटी शेवटी घाई होते, ती नेहमीचीच. पंखा लावा परत."

सुनेने विचारलं, "आई, म्हणजे..."

"म्हणजे काय? पुढच्या रविवारपासून कान मी बघीन. यांच्यावर सोडलं तर आणखी महिना जाईल."

सून हसली आणि रडलीही, दोन्ही एकदम. पेंटरनी बटण दाबलं. माझा जीव भांड्यात पडला आणि मी घुर्र घुर्र सुरू झालो.

त्यानंतर दोन दिवसांनी पेंटरनी कागदात गुंडाळलेले ब्रश बाहेर काढले. चार वर्षांनी पहिली पाटी झाली, स्वतःच्या फाटकासाठी. पिवळ्यावर निळी अक्षरं: 'सावकाश या. कुत्रा वाळतोय.' ती माझ्यासमोर तीन हातांवर ठेवून ते चहा प्यायला गेले. तेवढ्यात झिपऱ्याला माझा आवाज ऐकू आला. आपलीच वेळ झाली असं समजून तो धावत आला, पाटीशेजारी उभा राहिला आणि त्याने अंग जोरात झाडलं.

पेंटर आले तेव्हा ओल्या रंगात सात-आठ तपकिरी केस चिकटले होते. एक तर 'कु'वरून थेट 'त्रा'पर्यंत आडवा. एके काळी धुळीच्या कणापायी दिवसभर धुसफुसणारा हा माणूस! त्यांनी चिमटा आणला, वाकले, बराच वेळ पाटीकडे बघत राहिले. मग चिमटा खिशात ठेवला. पाटी तशीच फाटकावर लागली आहे, केसांसकट. येणारे-जाणारे वाचून हसतात आणि खरंच सावकाश येतात.

मित्रांनो, तुमच्याही घरात कपाटावर कोणीतरी असेल. त्याला खाली काढा, पण आधी पुसा, नाहीतर माझ्यासारखी फजिती होईल. महिन्यातून एकदा तेलाचे दोन थेंब द्या. आणि घरातलं कोणी तुम्हाला 'मी ठीक आहे' म्हणालं, तर तेवढ्यावर उठून जाऊ नका. जरा जवळ बसा, कानामागेही बघा.

आता मला थांबायला हवं. आज रविवार आहे, सुतळी बांधून झाली आहे आणि झिपऱ्या न्हाणीघरातून निघाला आहे. तुम्ही जरा मागे सरका. तो आधी अंग झाडतो.